आतली कडी

शेळगावच्या आमच्या घराला पाच दारं होती आणि आतल्या एकाही दाराला आतून कडी नव्हती. पुढच्या दाराला तेवढा रात्री अडसर लागायचा. बाकी सगळ्या कड्या बाहेरून. रानात जाताना लावायच्या, म्हणजे शेळी आत शिरून धान्यात तोंड घालत नाही. हे घर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बांधलं. त्यांची निम्मी हयात मेंढरांमागं उघड्यावर गेलेली. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि मिरगाच्या तोंडाला परत यायचं, असं त्यांनी वीस-बावीस वर्षं केलं. पुढं पाइपलाइन करून कालव्याचं पाणी रानात आलं, ऊस लागला, कळपातली पंधरा-वीस मेंढरं उरली आणि तात्यांचे गुडघेही गेले. घर बांधताना सुतारानं म्हणे विचारलं होतं, आतून कड्या कुठं कुठं बसवू? तात्या म्हणाले, "माणूस आत असताना दार लावायचं कशाला? माणूस काय चोर हाय व्हय?" ही गोष्ट ते आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. मीही पुष्कळ वर्षं ती कौतुकानंच ऐकली.

ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. माणूस सोळा-सतरापर्यंत वाढतं असं समजतात. माझी उंची तेव्हा वाढली असेल. मी स्वतः वाढले ती त्या एका वर्षात, म्हणून वाढीच्या आठवणींत हे प्रकरण घालते आहे. कुणाला रुचलं नाही तर त्यांनी पानं उलटावीत, मी काही हात धरणार नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा माझा नवरा अशोक मोटरसायकलवरून कामाला जाताना उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि जागच्या जागी गेला. सासरच्यांनी वर्षभर ठेवून घेतलं, मग एका सकाळी दीर मला माझ्या पेटीसकट शेळगावला सोडून गेला. पेटी पत्र्याची, हिरवी, वर दोन गुलाब रंगवलेले, आणि चांगली जड. अशोकचं आणि माझं पटायचं. दिवसा भांडायचो, पण अंगाची अंगाशी ओळख छान जमली होती. एवढं एक वाक्य लिहायला मला साठी गाठावी लागली. तो गेल्यावर जो तो विचारायचा, आता पोरीचं कसं व्हायचं, कोण बघायचं तिच्याकडं. त्या अंगाचं काय व्हायचं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. बाईचं अंग नवऱ्याबरोबरच सरणावर जातं असं सगळेच धरून चालले होते.

घरात माणसं थोडी: तात्या, आई, मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, आणि वहिनी. आवाज मात्र घरभर. पहाटेपासून मेंढरांचं बें बें, कडबा कापायच्या यंत्राची घरघर, आईचं भाकरी थापणं, तात्यांचा खोकला, रस्त्यानं उसाच्या ट्रॅक्टरवर लावलेली गाणी. आईच्या हातची बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, वर कच्च्या तेलाची धार, हे माझं लहानपणापासूनचं सुख. पण त्या वर्षी ते माडगं समोर गार होऊन साय धरायचं आणि मी भाकरीचे तुकडे करत बसायचे. कशात म्हणजे कशात जीव लागत नव्हता. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कुठं जायचं ते कळायचं नाही. चूल विझली का हे बघायला चारचारदा उठायचे. केस विंचरायला घेतले की डोक्याची कातडी हुळहुळेपर्यंत विंचरत राहायचे. वहिनीनं साधं "भाजी चिरता का" म्हटलं तरी तिच्या अंगावर जायचे. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे आणि दिवसा छातीत कुणीतरी मूठ आपटत असे. एकदा तर भरल्या एसटीत जीव इतका गुदमरला की मध्येच कुठल्याशा फाट्यावर उतरले आणि उरलेले चार-पाच किलोमीटर उन्हातून तरातरा चालत घरी आले. का उतरलीस म्हणून विचारलं तर सांगायला काही नव्हतं.

एसटी होती ती कामाची. बारावी सायन्सच्या जोरावर मला बारामतीच्या एमआयडीसीत एका दुधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. पहिल्या गाडीनं जायचं, तिसऱ्या प्रहरी परत. काम दुधात फॅट किती ते काढायचं: काचेच्या नळीत मोजून ॲसिड, वर दूध, बूच घट्ट दाबायचं, नळी खालीवर करायची आणि यंत्रात घालून गरगरा फिरवायची. हात स्थिर हवा, डोकं ठिकाणावर हवं. माझं एकही ठिकाणावर नव्हतं. एका सकाळी बूच नीट न दाबताच नळी उलटी केली आणि ॲसिड मनगटावर आलं. शेजारी काम करणाऱ्या सदाशिवनं माझा हात धरून नळाखाली घातला आणि पाच मिनिटं सोडला नाही, म्हणून डाग एवढ्यावरच राहिला. अजून आहे, घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकतो. साहेब म्हणाले, "बाई, पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल." घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. सकाळी गाडीत बसून शेळगाव मागं पडायचं, तेवढाच माझा वारा होता. सदाशिव दोन लेकरांचा बाप, अबोल, कामाला काम ठेवणारा. त्या दिवसापासून तो मला सुटल्यावर मोटरसायकलवरून डेपोपर्यंत सोडू लागला, कारण चालत जाताना मी रस्त्याकडं बघत नाही असं त्याला दिसलं होतं.

उपाय झाले नाहीत असं नाही. वहिनीनं मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे भारी नजर, असं तिनं ठरवलं. बारामतीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की झोप यायची नाही, नुसती बधिर व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी ॲसिडच्या बाटलीसमोर डोळे मिटायचे. भीतीनं मीच त्या बंद केल्या. आई काही बोलत नसे. फक्त जाता-येता माझ्याकडं बघायची आणि परसातल्या विहिरीवर मी पाण्याला गेले की काहीतरी निमित्त काढून मागं यायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

फाल्गुन सरत आला होता. आई आणि वहिनी गव्हाच्या मळणीला, दादा साखर कारखान्याकडं, तात्या देवळात. मी कामावरून आले, मागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांशेजारी घोंगडी टाकली आणि आडवी झाले. नेहमीसारखीच उठणार होते. पण ऊन पत्र्यातून खाली उतरलं होतं, घोंगडीला लोकरीचा उबट वास होता आणि मला अशोकची मान आठवली. त्याचा फोटो नाही, तेरावा नाही, रस्ता नाही. आंघोळ करून आल्यावरची त्याची ओली मान. कितीतरी महिन्यांनी तो मला मेलेला न आठवता जिवंत आठवला. माझा हात माझ्याच अंगावर होता आणि मी तो काढला नाही. एवढंच सांगते. पुढचं ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला नाही त्याला सांगून समजायचं नाही. मग मी रडले, तेराव्यालाही रडले नव्हते इतकी, आणि रडता रडता झोपले. जाग आली तेव्हा कडब्याचं यंत्र चालू होतं, तोंडाला घोंगडीच्या दशा चिकटल्या होत्या आणि मला कडकडून भूक लागली होती. तीन भाकरी खाल्ल्या, माडग्याची वाटी बोटानं पुसून घेतली. आई चुलीपाशी बसून बघतच राहिली.

उठले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली होती. दार हातभर उघडं होतं आणि एक कोंबडी आत येऊन पोत्याजवळ दाणे टिपत होती. कोंबडीच्या जागी कुणीही असतं! त्यानंतर जेव्हा जेव्हा मला तो एकांत हवासा झाला, तेव्हा मी आधी पेटी ओढून दाराला लावायची. शहाबादी फरशीवर पत्र्याची पेटी ओढली की खर्रर्र असा आवाज होतो. मला वाटायचं घरात कुणी नाही, कोण ऐकतंय?

पहिले आठ दिवस मी अशोकचा फोटो भिंतीकडं तोंड करून ठेवला होता. तो गेला आणि मी मागं राहून सुख घेते, ही चोरीच, असं मनात यायचं. नवव्या दिवशी फोटो सरळ केला. तो काही रागावलेला दिसला नाही. आणि हळूहळू माझं मलाच कळायला लागलं की काय होतं आहे. हे काही रोजचं व्रत नव्हतं. कधी चार दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी. पण अंग मोकळं झालं की छातीतली मूठ सुटायची, रात्री झोप यायची, झोप झाली की सकाळी हात स्थिर असायचा. नळ्यांची बुचं आता मी डोळे मिटून दाबली असती. वहिनीशी नीट बोलायला लागले, भाजी चिरता चिरता तोंडातल्या तोंडात गाणं यायचं. दुःख संपलं असं मुळीच नाही. अशोकची आठवण यायची तशी येतच राहिली. आधी ती आली की पळत सुटावंसं वाटायचं, आता बसून रडता यायचं. अंग म्हणजे माझ्यावर उठलेली काहीतरी बला, असं मला वर्षभर वाटत होतं. ते माझ्या बाजूचं निघालं.

माझी भाची, म्हणजे दादाचीच मुलगी, ऋतुजा, आता बारामतीत मानसिक त्रास झालेल्या माणसांशी बोलायचं काम करते. ती तेव्हा जन्मलीही नव्हती. मागच्या साली तिचं लग्न मोडलं, माझ्याकडं येऊन राहिली, आणि मी तिला घरभर येरझाऱ्या घालताना बघितलं. त्या येरझाऱ्या मी ओळखते. तिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं पोरगी तोंड लपवेल. ती म्हणाली, "आत्या, यात लाजण्यासारखं काही नाही, आम्ही आता लोकांना हेच सांगतो. ताण उतरतो, झोप लागते, आपल्या अंगाबद्दलची भीती जाते. पण तू हे तेव्हा शेळगावात एकटीनं कसं काढलंस?" मी म्हटलं, एकटीनं कुठं काढलं? तेच तर लिहायचं आहे.

वहिनी वाईट नव्हती. तिचा तर्क साधा होता: बाई खुलली, म्हणजे बाप्या असणार. चैत्र-वैशाखात ती बरेचदा रानातून लवकर परतायची आणि तिनं तो आवाज ऐकला होता. खर्रर्र पेटी ओढली जाते, दार ढकललं तर हलत नाही, घटकाभरानं नणंद बाहेर येते ती तोंड धुऊन, गाणं गुणगुणत, आणि भाकरी मागते. शिवाय मागच्या खिडकीचे दोन गज दादानंच पोती आत टाकायला काढलेले, आणि खिडकीला लागून पुरुषभर उंचीचा ऊस. कुठंतरी पाणी मुरतंय हे तिनं दादाला सांगितलं. त्यातच आमच्या भावकीतल्या कुणीतरी मला बारामतीत सदाशिवच्या मोटरसायकलवर मागं बसलेली बघितलं. झालं, दोन्ही टोकं जुळली.

माझ्या सुट्टीचा दिवस होता. सकाळी चहाची कपबशी खाली ठेवत दादा म्हणाला, "उद्या आमी चौघं कंपनीच्या फाटकावर जाणार हाय. त्यो सदाशिव भाईर आला की त्याचं तंगडं मोडतो. आन् तुझं काम आजपास्नं बंद."

"कोण सदाशिव? काय केलं त्यानं?" मी म्हणाले, पण आवाज माझाच मला लांबून आल्यासारखा वाटला.

"मला इचारतीस? पेटी कशाला लावतीस दाराला? सांग की तात्यांम्होरं!"

तात्या ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा थांबला. वहिनी पदर तोंडाला लावून उभी. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं म्हणजे कबुली असंच सगळ्यांनी धरलं. मला ते कळत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. त्या माणसानं माझा हात नळाखाली धरला होता. त्याच्या धाकट्या लेकीचे दुधाचे दात पडत होते, तेवढीच एक गोष्ट त्यानं मला आपणहून सांगितली होती. उद्या त्याचा पाय मोडणार होता, माझा वारा बंद होणार होता, आणि दोन्ही टाळायचं तर मला असं काही सांगावं लागणार होतं जे मी कुणी बाई बोललेली ऐकलं नव्हतं. तेवढ्यात आई उठली. "गोधड्या धुवायच्यात," ती म्हणाली. "चल गं शालन कालव्याला. तू बी उचल दोन."

कालव्यावर दुसरं कुणी नव्हतं. आईनं गोधडी भिजवली, दगडावर घडी घातली आणि धोपटणं चालवायला सुरुवात केली. चार धपाके घालून माझ्याकडं न बघता म्हणाली, "सदाशिव हाय का दुसरा कोण? मला खरं सांग. मी तुला मारत न्हाय."

"कोण न्हाय. सदाशिवनं माझा भाजलेला हात वाचवला, तेवढंच."

"मग पेटी?"

"आई, मी एकलीच असती आत."

"एकल्या माणसाला पेटी कशाला लागती?"

मला शब्द सापडेना. आमच्याकडं याला जो शब्द आहे तो पुरुषांचा आणि शिवीतला. बाईनं आपल्यासाठी वापरावा असा एकही नाही. पाण्याकडं बघून मी म्हणाले, "ह्ये गेल्यापास्नं जे न्हाय, त्ये माझं मीच... माझ्या हातानं. तेवढं झालं की जीव थाऱ्यावर येतो. झोप लागती. न्हायतर मी येडी झाली असती, आई. दुसरं कोण न्हाय. बिरोबाची आण."

धोपटणं वरच्या वर थांबलं. मग खाली आलं, पण हलकंच, आणि आईनं ते बाजूला ठेवून दिलं. पाण्यात पाय सोडून ती बसली. मला वाटलं आता ही मला कालव्यात ढकलणार, आणि खरं सांगते, त्या क्षणी ढकललं असतं तरी चाललं असतं.

"किती दिस झालं?"

"फागुनापास्नं."

"तरीच भाकरी ग्वाड लागाया लागली." आणि मग अगदी हळू, कुणाशी बोलते कोण जाणे अशी, ती म्हणाली, "मला वाटायचं, समद्या शेळगावात मीच एकली."

मी तिच्याकडं बघितलं. माझी आई, जिनं घरात कधी पदर डोक्यावरून ढळू दिला नाही, पायाच्या अंगठ्यानं पाणी हलवत बसली होती. "तुझा बाप दिवाळी झाली की जायाचा," ती म्हणाली. "सात-आठ म्हयनं. बाकीच्या बाया मेंढरांच्या वाड्याबरुबर जायाच्या, मला म्हाताऱ्या सासूपायी हितंच ऱ्हावं लागायचं. बाविशी उलटली हुती माझी. दिसभर रान, आन् जीव नुसता उडून जायाचा. हात कापायचं, अन्न जायाचं न्हाय. एक डाव हिरीच्या काठावर पाय सोडून बसले हुते. तू पाण्याला गेलीस की मी मागं यायची त्ये का? मला ठावं हाय त्यो काठ."

"मग?"

"मग काय. जे तुला घावलं त्येच मला घावलं. पर लई भ्या वाटलं. पाप तर न्हाय? इचारावं कुणाला? मग म्या बिरोबालाच सांगितलं. म्हणलं, देवा, ह्यात माझं काय चुकत आसंल तर ह्येंच्या मेंढरांत रोग घाल. मंजी मला कळंल, मी बंद करीन."

"मेंढरांत?"

"तर! देवाची खूण मेंढरातच दिसायची की. त्या साली कोकणात रोग आला. समद्यांच्या कळपाची दाणादाण उडाली. आन् तुझ्या बापाचं एक कोकरू न्हाय मेलं. समदीच्या समदी धड परत आली. तुझा बाप गावभर सांगत सुटला, मी लई राखली, मी लई राखली." तिच्या गालाला खळी पडली. "मी म्हणलं, राख बाबा तू."

मला हसू आलं ते आवरेना. हसता हसता रडू आलं, आणि आई माझ्या पाठीवर ओला हात फिरवत राहिली. तिच्या वीस वर्षांच्या एकटेपणाची आणि माझ्या दोन वर्षांच्या तडफडीची गाठ अशी भर उन्हात, गोधड्यांच्या ढिगाशेजारी पडली. आपल्यासारखं दुसरं कुणीतरी आहे एवढं कळलं तरी माणूस किती हलकं होतं, हे मी तिथं शिकले.

घरी आलो तेव्हा दादाचे तीन चुलतभाऊ ओट्यावर जमले होते. आईनं गोधड्यांचं गाठोडं खाली टाकलं आणि वाळत घालायच्या आधीच बोलली, "उद्या कुणी कुटं जायाचं न्हाय. तिच्या खोलीत कुणी बाप्या येत न्हाय. पेटी म्याच लावाया सांगितली. डाक्टरनं तिला दुपारची निजाया सांगितलंय, आन् ह्या घरात कोंबडीपास्नं कुणी बी दार ढकलून आत येतं."

"मग आधी का न्हाय सांगितलं?" दादा म्हणाला.

"तू इचारलंस कवा? तू तर काठीच काढलीस. आन् त्या माणसानं तिचा हात वाचवला, त्येचा पाय मोडाया निघालास व्हय रं? लाज वाटू दी."

दादाला ते सगळं पटलं नव्हतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी मळलेली तंबाखू तशीच मुठीत धरली होती. ते आईकडं बघत होते, आणि आई खाली न बघता त्यांच्याकडं बघत होती. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग तात्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि म्हणाले, "तिनं सांगितलं न्हवं? मग झालं. उठा, जावा आपापल्या कामाला."

सदाशिवला यातलं अवाक्षर कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "आज बुचं बरी घट्ट बसताहेत तुमची." तो पुढं सुखानं निवृत्त झाला, दोन्ही पायांवर. दादा मात्र महिनाभर माझ्याशी तुटक बोलायचा, आणि वहिनीनं मनातून संशय काढला की नाही ते मी आजही सांगू शकत नाही. ऋतुजाला मी बजावलं आहे, हे तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस. ती ऐकेल असं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं सुताराला बोलावून आणलं. तो बाहेरून मापं घ्यायला लागला, तशी आई म्हणाली, "तितं न्हाय. आतनं."

"आतनं कशाला, वैनी? पोरगीला कोंडायचंय का?"

"कोंडायची कडी भाईरनं असती," आई म्हणाली. "ही तिची तिला हाय."

सुतारानं तात्यांकडं बघितलं. घर बांधतानाची ती गोष्ट त्यालाही पाठ होती. तात्यांनी नुसती मान हलवली आणि मेंढरांकडं निघून गेले. तासाभरात कडी बसली. साधी लोखंडी, वीतभर, अजून तेलाचा वास येत होता. मी पेटी ओढून परत भिंतीशी, अशोकच्या फोटोखाली नेऊन ठेवली.

सुतार गेल्यावर आई हात पुसत खोलीशी आली. मला म्हणाली, "सर जरा, लागती का बघू दी," आणि आत गेली. दार लोटलं गेलं, कडी पडल्याचा आवाज आला. मग निघाल्याचा. मग पुन्हा पडल्याचा. सबंध आयुष्यात तिनं स्वतःच्या हातानं, आत राहून लावलेली ती पहिली कडी. वहिनी चुलीपासून ओरडली, "आत्याबाई, अवो काय करताय आत?"

"काय न्हाय," आतून आईचा आवाज आला. "हाय हितंच. बसलीया जरा."

मी दाराबाहेर उंबऱ्यापाशी बसले, कुणी येऊ नये म्हणून. ती बराच वेळ बाहेर आली नाही.